अमिसाआजीच्या मापाचा बेस

घानातल्या टाकोराडीत अंत्यविधीचे कपडे शिवायचे तर मेन्सिमाकडूनच, असं मार्केट सर्कलच्या बायका म्हणतात. गेलेल्या माणसाला त्याचं काही सोयरसुतक नसतं, पण मागे राहिलेल्यांना फार असतं. चाळीस चुलत बहिणींना एकाच काळ्या-तांबड्या कापडाचे चाळीस झगे हवे असतात, प्रत्येकीला आपला झगा बाकीच्या एकोणचाळीस जणींपेक्षा उठून दिसायला हवा असतो, आणि हे सगळं शनिवारच्या आत. मेन्सिमा हे करते. पायमशीनवर तिचा पाय एकदा चालू झाला की तो तिच्या डोक्याला विचारायला थांबत नाही. तिचा दंडक एकच: ज्याचा कपडा, त्यानं स्वतः माप द्यायला यायचं. "अगदी माझ्याच बांध्याची आहे हो ती," असं म्हणत कुणी बहिणीचं कापड घेऊन आली की मेन्सिमा कात्री खाली ठेवते. "मग तुलाच होईल ते. तिला पाठव," म्हणते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते.

अशी ही बाई वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी बेस गिटार शिकायला लागली. खरं तर तिनं पूर्वीच लागायला हवं होतं. लहानपणी गल्लीत कुणाच्या घरी बँड आला की बाकीची पोरं गाणाऱ्याच्या पुढ्यात नाचायची आणि ही स्पीकरच्या खोक्याला पाठ लावून बसायची. पोटात जे घुमायचं त्याला बेस म्हणतात हे तिला कितीतरी वर्षांनी कळलं. कळलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला, कारण मुलींनी हे वाजवू नये असं तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. ते तिनं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. मग चर्चच्या महिला मंडळानं स्वतःचा बँड काढायचं ठरवलं, ड्रम एका नर्सनं घेतले, गिटार एका शिक्षिकेनं, आणि बेस कोण घेणार असं विचारताच मेन्सिमानं दोन्ही हात वर केले.

मिळालेला बेस पुरुषांच्या बँडनं टाकून दिलेला होता. त्याची दांडी धनुष्यासारखी वाकली होती. तारा पडद्यांपासून इतक्या उंच होत्या की मधून उंदराचं पिल्लू डोकं न लववता पलीकडे गेलं असतं. आवाजाची कळ एक तर मुकी, नाही तर किंचाळणारी. मधलं काही तिला ठाऊकच नव्हतं. पट्टा मात्र झकास होता, कारण तो मेन्सिमानं स्वतः शिवला होता. त्या बेसवर तिनं दीड वर्ष बोटं सोलून घेतली.

एवढ्यावरही निभावलं असतं, पण मंडळात अमिसाआजी होती. आयुष्यभर मासे धुरावर वाळवून विकलेली, ऐंशीला टेकलेली, अक्षर न वाचता येणारी आणि शे-सव्वाशे गीतं तोंडपाठ असलेली म्हातारी. आमच्याकडे उपासनेत मध्येच उठून गीत उचलण्याचा म्हाताऱ्या बायकांचा हक्क पाळकांनाही मान्य आहे. उपदेश लांबला की आजी काठी टेकत उभी राहते आणि सुरू करते. पाळकसाहेब अर्ध्या वाक्यात थांबतात. गीत संपल्यावर उरलेलं अर्धं वाक्य त्यांना आठवलं तर ठीक, नाही तर उपासना लवकर सुटते आणि कुणाचीच काही तक्रार नसते.

अडचण एवढीच की आजी सूर मागत नाही आणि सांगतही नाही. आज काळी दोनमधून उचलेल, पुढच्या रविवारी पांढरी चारमधून, त्यापुढच्या रविवारी आणखी तिसरीकडूनच. वाजवणाऱ्यांनी तिच्या मागून धावत यायचं. कीबोर्डवरच्या फिलोमिनाला त्याचं काही नसे. बँकेत कॅशियर असलेल्या या मुलीला पट्टी एकच येते, पांढरी एक. पण तिच्या कीबोर्डाला एक बटण आहे, ते दाबत गेलं की तीच बोटं दुसऱ्या पट्टीत बोलतात. आमच्याकडचे निम्मे कीबोर्डवाले त्या एका बटणावर संसार करतात. बेसला असं बटण नसतं. मेन्सिमाला मात्र वाटायचं की आपल्या जुनाट बेसला नाही, चांगल्याला असणारच.

ऑगस्टातल्या महिला-रविवारी व्हायचं ते झालं. आजीनं गीत उचललं, आणि मेन्सिमा दोन कडवी संपेपर्यंत शेजारच्या घराची बेल वाजवत राहिली. पुढच्या बाकावरची पोरं तोंडावर हात ठेवून हसली. तिसऱ्या कडव्याला तिला दार सापडलं, तोवर आजी बसायच्या बेतात होती.

उपासना सुटल्यावर मंडळाच्या अध्यक्ष डोर्कसबाईंनी तिला बाजूला घेतलं. डोर्कसबाई वाईट नाहीत, पण शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यात आणि ते त्यांच्या अंगातून अजून गेलेलं नाही.

"मेन्सिमा, सहा आठवड्यांनी सुगीची उपकारस्तुती आहे. गावोगावचे लोक येणार. त्या दिवशी बेंटिल पुढच्या बाकावर बसेल, आपला बेस घेऊन."

बेंटिल म्हणजे पुरुषांच्या बँडचा बेसवाला.

"कशाला?" मेन्सिमानं विचारलं.

"गीताच्या दुसऱ्या ओळीपर्यंत तुला सूर सापडला, तर तू वाजव. नाही सापडला, तर तो वायर जोडेल आणि तू खुळखुळा घेशील."

"आणि त्याच्या पुढच्या रविवारी?"

"खुळखुळाही छान असतो," डोर्कसबाई म्हणाल्या.

खुळखुळ्याची मेन्सिमाला लाज नव्हती. पण एकदा बेस हातातून गेला की तो परत कुणी देणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. त्रेचाळीस वर्षांच्या बाईला लोक एकदा हौस करू देतात, दोनदा नाही. त्या दुपारी तिनं एक झगा उलटा शिवला, आणि असं तिच्या हातून बारा वर्षांत झालं नव्हतं.

घरी तिनं नवरा कोबिनाला सांगितलं की बेस बदलायलाच हवा. कोबिना टॅक्सी चालवतो आणि फुफू खाताना त्याला विशेष बुद्धी सुचते.

"नाचता येईना, अंगण वाकडं," तो म्हणाला.

"तुझी गाडी चढावर थांबते तेव्हा तू चढाला शिव्या देतोस. मी काही बोलते?"

"चढ असतोच तसा."

"मग दांडीही असते तशी. जेव मुकाट्यानं."

शिलाईतून थोडे थोडे बाजूला टाकलेले तीन हजार सेडी तिच्याजवळ होते. काय घ्यावं ते तिनं फिलोमिनाला विचारलं.

"पाच तारांचा घे, ताई. मोठमोठ्या चर्चमधले सगळे पाच तारांचाच वाजवतात. बॅटरी असते त्यात, चार कळा असतात."

"चार कळा कशाला?"

"सगळ्याला! चांगल्या बेसमध्ये सगळं असतं."

त्या 'सगळं'मध्ये मेन्सिमानं आपल्याला हवं ते बसवून टाकलं.

बंदराच्या रस्त्याला क्वान्सामामांचं दुकान आहे. परदेशातल्या घरांतून वापरून झालेला माल कंटेनरनं येतो, तो तिथं मिळतो: फ्रिज, बाबागाड्या, गाद्या, सायकली, आणि मागच्या भिंतीला टांगलेली वाद्यं. मामा तरुणपणी हायलाइफच्या, आमच्याकडच्या नाचगाण्याच्या, बँडमध्ये बेस वाजवायचे. आता गुडघे वाजतात, असं ते म्हणतात. मेन्सिमा जुना बेस खांद्याला लावून गेली, बदल्यात काही कमी होईल या आशेनं, तेव्हा दुकानात वीज नव्हती.

भिंतीवरचा एक निळा, झगमगीत, सोनेरी खुंट्यांचा पाच तारांचा बेस मामांनी खाली काढून दिला. मेन्सिमानं त्याच्या चारही कळा निरखल्या.

"मामा, यातली पट्टी बदलायची कळ कुठली?"

"काय बदलायची?"

"पट्टी. कीबोर्डाला असते ना, तशी."

क्वान्सामामा एका आडव्या फ्रिजवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसले. हसून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या कानाच्या पाळीला बोट लावलं. "बाळ, ती कळ इथं असते. कंटेनरमधून नाही येत ती."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मेन्सिमाला झालं. पण ती पळून जाणाऱ्यांतली नव्हती. तिनं सगळं सांगितलं: अमिसाआजी, बेंटिल, खुळखुळा, सहा आठवडे. मामांनी ऐकून घेतलं, मग तिचा जुना बेस उचलून, एक डोळा मिटून, सुतार फळी बघतो तसं दांडीवरून टोकापर्यंत बघितलं.

"यावर दीड वर्ष वाजवलंस?"

"हो."

"आणि वेड नाही लागलं तुला?"

त्यांनी वरची तार मोकळी छेडली, मग तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून छेडली. "दोन्ही एकच सूर हवेत, दुसरा एक सप्तक वरचा. ऐक. हा गडी घराच्या पुढे निघून जातो. पाचव्या पडद्यानंतर हा जे बोलतो ते सगळं खोटं. तू बोट बरोबर जागी ठेवलंस तरी हा तुला चुकीचंच पाडणार."

मेन्सिमानं पुन्हा छेडून पाहिलं. खरंच होतं ते. तिनं तिथल्या तिथं कोबिनाला फोन लावला.

"कोबिना, अंगण वाकडं होतं! दांडी वाकडी आहे! मामा म्हणतात!"

"कोण मामा? अगं, मी चौकात अडकलोय, पुढे पोलीस उभा आहे."

"काही नाही. चालव तू." तिनं फोन ठेवला. तिच्या चेहऱ्यावर दीड वर्षाचं ओझं उतरल्यासारखं हसू होतं.

"अंगण वाकडं होतं हे खरं," मामा म्हणाले. "पण नाचता येतं की नाही, ते अजून कळायचंय."

मग त्यांनी आणखी एक बेस काढला. चार तारांचा, आखूड दांडीचा, चहाच्या डागासारखा तपकिरी. कडा टवके उडालेल्या, आणि पाठीवर परदेशातल्या कुठल्याशा पोरानं चिकटवलेल्या बदकाचं अर्धं चित्र. किंमत निळ्याच्या निम्म्याहून जरा जास्त. मेन्सिमानं नाक मुरडलं.

"तोंड बघू नकोस, दांडी बघ," मामा म्हणाले. "सरळ आहे. तारा पडद्यांना लागून आहेत, पण कुठं खरखरत नाहीत. खुंट्या घट्ट. आणि ही कळ फिरवून बघ, लोण्यासारखी."

"वीज नाही, मामा. ऐकू कसं येणार?"

"हनुवटी टेकव."

"कुठं?"

"लाकडावर, वर शिंगासारखं टोक आलंय ना, तिथं. सूर हाडातून येतो."

तिनं हनुवटी टेकवून तार छेडली, आणि लहानपणी पाठीतून आत शिरायचं तेच आता जबड्यातून आत आलं. दोन-तीनदा ती उगाचच तीच तार छेडत राहिली.

"आता शिक," मामा म्हणाले. "म्हातारीनं गीत उचललं की आधी ही आवाजाची कळ पूर्ण बंद करायची. बाहेर काही जात नाही. हनुवटी लाकडाला लावायची, एकाच तारेवर हळूच सरकत जायचं, तिचा सा सापडेपर्यंत. सापडला की कळ उघडायची. लोकांना वाटतं, हिला आधीच ठाऊक होतं."

"ही तर फसवणूक झाली."

"हे वाजवणं झालं."

मामांनी एक जुनं गाणं गुणगुणलं आणि मेन्सिमाला सा सापडला, तपकिरी बेसवर आणि निळ्यावरही. मामांचा गळा सरळ रस्त्यासारखा होता, त्यात हरवण्यासारखं काही नव्हतंच. आता घ्यायचा कुठला? निळ्याकडे बघितलं की डोळे निवत होते. डोर्कसबाईंना तो आवडला असता, फिलोमिनानं टाळ्या वाजवल्या असत्या, आणि घासाघीस केली तर तीन हजारांत बसलाही असता. ती हात कमरेवर ठेवून दोन्हींकडे आलटून पालटून बघत राहिली, आणि एकदम तिला स्वतःचीच लाज वाटली. आजवर तिनं जे कुणाला करू दिलं नाही तेच ती इथं करत होती. ज्याच्यासाठी शिवायचं ते माणूस घरी, आणि ही कापड निवडत उभी.

"मामा, दोन्ही ठेवा बाजूला. परवा येते."

"पैसे आणायला?"

"माप आणायला," मेन्सिमा म्हणाली.

अमिसाआजी बिनमोबदला कुठं जात नाही. भाजलेली पिकी केळी आणि शेंगदाणे, तेही ताजे, या अटीवर ती कोबिनाच्या टॅक्सीत बसली. दुकानात एका मखमली सोफ्यावर तिची स्थापना झाली. त्याच्यावर परदेशी मांजराचे केस अजून तसेच होते. त्या दिवशी वीज होती. आजीनं केळं सोलता सोलता क्वान्सामामांकडे डोळे बारीक करून बघितलं.

"तू तोच ना रे, माझ्या मावसबहिणीच्या लग्नात बेस वाजवता वाजवता झोपलेला?"

"नाही हो आजी, तो दुसरा कुणीतरी असेल."

"तूच. तोंड बदललंय, कान तेच आहेत."

मामांनी कानांवरून हात फिरवला आणि विषय बदलला.

आजीला निळा बेस बघताक्षणी पसंत पडला. "हाच घे. देवापुढं उभं राहायचं तर जरा नीटनेटकं असावं माणसानं. तो दुसरा काय, आजारी बोकडाच्या रंगाचा."

"आधी गा, मग बघू."

आजीनं दाणे गिळले आणि गीत उचललं. मेन्सिमानं निळ्याची कळ बंद केली, हनुवटी टेकवली आणि शोधू लागली. पण वरच्या बाजूला ती जादाची जाड तार होती, आणि घाईत तिचं बोट सवयीनं सगळ्यात वरच्या तारेवर जायचं, पण तिची ओळखीची तार आता दुसरी झाली होती. एका तारेनं सगळं घर सरकलं. तिसऱ्या ओळीला सा सापडला, तोवर रुंद दांडीवर तिचा आखूड हात भरून आला होता आणि खांदा दुखायला लागला होता. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वर्षभर मेहनत केली असती तर तोही हाताला बसला असता, पण तिच्याकडे वर्ष नव्हतं.

मग तपकिरी घेतला. आजीनं मुद्दाम की काय, निराळ्याच पट्टीतून उचललं. मेन्सिमा डोळे मिटून तारेवर सरकली. चौथ्या अक्षराला जबड्यात काहीतरी गपकन बसलं, शिवणीत सुई बसते तसं, आणि तिनं कळ उघडली. दुकानातले फ्रिज थरथरले. बाहेर डोक्यावर अंड्यांचे ट्रे घेऊन चाललेली एक बाई थांबली आणि एकही अंडं न फोडता कमरेतून डोलू लागली. आणखी दोघी-तिघी टाळ्या धरून दाराशी आल्या. मामांनी डोळे मिटले होते, पण या वेळी ते झोपले नव्हते.

मध्येच आजी गायची थांबली. टाळ्या विरल्या, बायका हसत पांगल्या. आजी मेन्सिमाकडे टक लावून बघत होती.

"एवढ्यात कशी गं सापडले मी तुला?"

"काय झालं, आजी? थांबलीस का?"

आजीनं तिला जवळ बसवून घेतलं आणि मामा ऐकत नाहीत असं बघून आवाज खाली आणला. "तुम्हाला सगळ्यांना वाटतं, म्हातारी मुद्दाम पट्टी बदलते. वाटू दे. आवाज फाटलाय गं माझा. जागोजागी भोकं पडलीत त्याला. सकाळी उठून गुणगुणून बघते, आज कुठं धड आहे, आणि तिथूनच उचलते. रोज तो धड तुकडा वेगळा असतो. मी गाते आणि ही सगळी वाद्यं मागून धावत येतात. कितीतरी वर्षांत माझ्या पायाखाली कुणी उभं नव्हतं. आज होतं."

जीर्ण कापडातून धड तुकडा शोधून त्यातच झगा बसवायचा, हे काम मेन्सिमाला माहीत होतं. ते किती अवघड असतं हेही माहीत होतं. ज्या म्हातारीला तिनं दीड वर्षात मनातल्या मनात नाही नाही ती नावं ठेवली होती, ती दर रविवारी हेच करत होती.

"कुणाला सांगू नकोस," आजी म्हणाली. "डोर्कसला कळलं तर मला टाळ्या वाजवायला बसवेल. तुला खुळखुळा, मला टाळ्या. छान जोडी जमेल."

दोघी हसल्या, आणि मेन्सिमानं डोळे पुसले.

भाव आजीनं केला. लग्नात झोपल्याचा दंड म्हणून तारांचा एक नवा संच फुकट मिळाला पाहिजे, असं तिनं बजावलं. मामांनी तो माणूस आपण नव्हेच असं शेवटपर्यंत सांगितलं, आणि तारा दिल्या. मेन्सिमाच्या हातात पैसे उरले, त्यातून जातानाही केळी घ्यावी लागली.

कोबिनानं बेस बघून डोक्याला हात लावला. "पैसे मोजून आधीपेक्षा जुना आणलास?" डोर्कसबाईंनी चष्मा खाली करून बदकाचं अर्धं चित्र बराच वेळ पाहिलं. "उपकारस्तुतीला हे?" मेन्सिमानं कुणाशी वाद घातला नाही. मंडळाच्या सुगीच्या कापडातून उरलेल्या तुकड्याचा तिनं पट्टा शिवला, दुहेरी, आत अस्तर घालून. आणि रोज संध्याकाळी शिलाईचं दुकान बंद केलं की ती आजीच्या अंगणात जाऊन बसायची. आजी चुलीपुढं बसून कुठूनही काहीही उचलायची; मेन्सिमा हनुवटी लावून शोधायची. पहिल्या आठवड्यात दहातले चार सापडले. पाचव्यात नऊ. दहाव्याच्या वेळी आजी खोकली होती, तो धरायचा की नाही यावर दोघींचं भांडण झालं.

सुगीच्या रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वेदीपुढं केळ्यांचे घड, तांदळाची पोती, नारळांचे ढीग, आणि लिलावासाठी आणलेला एक कोंबडा बेसच्या स्पीकरशेजारीच बांधलेला. मंडळाच्या साठ बायका मेन्सिमानं शिवलेल्या एकाच कापडात. पुढच्या बाकावर बेंटिल पांढराशुभ्र सदरा घालून बसला होता, मांडीवर बेस, हातात वायरीचं टोक. तो मेन्सिमाकडे बघून सहानुभूतीनं हसला, आणि तिला त्या सहानुभूतीचाच सगळ्यात जास्त राग आला.

पाहुणे बघून पाळकसाहेबांना स्फूर्ती आली होती. उपदेश पाऊण तास झाला, मग तास झाला. मेन्सिमा पट्टा उगाच नीट करत राहिली. तेव्हा काठी वाजली आणि अमिसाआजी उठली. पाळकसाहेब थांबले.

आजीनं खूप खालून उचललं, मेन्सिमानं कधी ऐकलं नव्हतं इतक्या खालून. कळ बंद. हनुवटी लाकडावर. बेंटिलनं वायरीचं टोक बेसजवळ नेलेलं तिला दिसलं, म्हणून तिनं डोळे मिटले. एक अक्षर, दोन, कोंबडा ओरडला, तीन, चार. सापडला. तिनं कळ उघडली, आणि पहिली ओळ संपायच्या आत साठ बायका उठून उभ्या राहिल्या. फिलोमिनाचं बटण बेसच्या मागोमाग दाबलं गेलं, ड्रम आले, आणि बाकांच्या रांगांतून पांढरे रुमाल वर गेले.

तिसऱ्या कडव्यात ते घडलं. वरच्या जागेवर चढताना आजीचा आवाज फाटला. नुसता चिरकला नाही, संपलाच. अर्धी ओळ रिकामी गेली. आजीनं काठी दोन्ही हातांनी धरली, श्वास घेतला आणि तीच ओळ पुन्हा घेतली, पण तीन पडदे खालून. फिलोमिना भांबावून दोन्ही हात वर करून बसली. गिटार थांबली. सगळ्या चर्चमध्ये आजीचा एकटीचा बारीक आवाज तेवढा उरला, आणि तो थरथरत होता.

मेन्सिमानं कळ बंद केली होती, हे तिला नंतर आठवलं. त्या क्षणी तिला एवढंच कळत होतं की आजी खाली गेलीय आणि तिला तिथं एकटी ठेवता येत नाही. बोट सरकलं, जबड्यात सूर बसला, कळ उघडली. आजीच्या पायाखाली जमीन आली. म्हातारीचा आवाज सावरला, बायकांनी बेस ऐकून आपापला सूर खाली घेतला, आणि सगळं चर्च तीन पडदे खाली उतरून पुन्हा नाचायला लागलं. बाहेरगावच्या लोकांना वाटलं, हे गीत असंच आहे. कोबिना मागच्या दाराशी उभा राहून शेजाऱ्याला सांगत होता, "दांडी सरळ आहे तिची, म्हणून." बेंटिल वायर मनगटाला गुंडाळून रुमाल उडवत होता. डोर्कसबाई नाचत नाचत जवळून गेल्या तेव्हा मेन्सिमाच्या कानाशी एवढंच म्हणाल्या, "पहिल्या ओळीच्या आत. मी मोजत होते."

गीत संपल्यावर पाळकसाहेबांना उरलेलं वाक्य आठवलं नाही. लिलाव सुरू झाला, कोंबड्याची बोली लागली. मेन्सिमा बेस गळ्यात तसाच ठेवून आजीपाशी गेली. आजी बाकावर टेकून घाम पुसत होती.

"ऐकलंस ना, किती गेला माझा," आजी म्हणाली. "पुढच्या वर्षी याच्याही खाली जावं लागेल मला."

"जा की, आजी," मेन्सिमा म्हणाली. "खाली मी आहेच."